ब्रास बँडचे कागद : वाचकांचे प्रश्न

ब्रास बँडसाठी अरेंजमेंट लिहिणाऱ्या आणि वाजवणाऱ्या वाचकांची पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. ब्रास बँड म्हणजे इथे ब्रिटिश धर्तीचा संच : कॉर्नेट, फ्लूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, ट्रॉम्बोन, युफोनियम, बास आणि तालवाद्यं. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असलेला मिलिटरी बँड वेगळा. उत्तरांत ‘लिहिलेला सूर’ म्हणजे वादकाच्या कागदावरचा, आणि ‘खरा सूर’ म्हणजे तोच आवाज पियानोवर शोधला तर जिथे सापडेल तो.

प्रश्न : पियानोसाठी छापलेलं एक गाणं जी मेजरमध्ये आहे. ते पूर्ण बँडसाठी लिहायचं आहे. कॉर्नेटला एक, हॉर्नला दुसरं, बासला तिसरंच लिहावं लागतं म्हणे. नेमकं किती वर, किती खाली? आणि पट्टी जी मेजरच ठेवावी का?

उत्तर : आधी हिशेब. खऱ्या सुरावरून लिहिलेला सूर असा काढा (सेमीटोन म्हणजे अर्धा स्वर) :

बी फ्लॅट कॉर्नेट आणि फ्लूगलहॉर्न – २ सेमीटोन वर.
ई फ्लॅट सोप्रानो कॉर्नेट – ३ सेमीटोन खाली.
ई फ्लॅट टेनर हॉर्न – ९ सेमीटोन वर.
बॅरिटोन, युफोनियम आणि टेनर ट्रॉम्बोन – १४ सेमीटोन वर, म्हणजे एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर.
ई फ्लॅट बास – २१ सेमीटोन वर.
बी फ्लॅट बास – २६ सेमीटोन वर, म्हणजे दोन सप्तकं आणि एक पूर्ण स्वर.
बास ट्रॉम्बोन – जसाच्या तसा, बास क्लेफमध्ये.

बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळे ट्रेबल क्लेफमध्ये वाचतात. बासच्या भल्यामोठ्या वाद्यासमोर ट्रेबल क्लेफ पाहून नवखा माणूस चक्रावतो, पण त्यात सोय आहे. तिसऱ्या जागेतला सी दिसला की कॉर्नेटवालाही वाल्व न दाबता वाजवतो आणि बासवालाही. आज तिसऱ्या कॉर्नेटवर बसलेल्या वादकाला उद्या बॅरिटोन दिला तर बोटं नव्याने शिकावी लागत नाहीत, फक्त ओठांची सवय बदलावी लागते. बास ट्रॉम्बोन वेगळा राहिला, कारण ब्रिटिश बँडांत पूर्वी तो जी मधला असे आणि त्याचा पार्ट खऱ्या सुरातच लिहिला जाई. वाद्य बदललं, लिहिण्याची रीत तशीच राहिली.

आता पट्टी. खरी जी मेजर ठेवली तर बी फ्लॅट वाद्यांना ए मेजर येईल, तीन शार्प. ई फ्लॅट वाद्यांना ई मेजर, चार शार्प. चांगला बँड तेही वाजवेल, पण पहिल्या तालमीचा अर्धा वेळ चुकलेले शार्प दुरुस्त करण्यात जाईल. अर्धा स्वर चढवून ए फ्लॅट मेजर केलंत तर बी फ्लॅट वाद्यांना दोन फ्लॅट आणि ई फ्लॅट वाद्यांना एकच. एक स्वर उतरवून एफ मेजर केलंत तर अनुक्रमे एक आणि दोन शार्प. दोन्ही सोयीचे. निवड गाण्याच्या सगळ्यात वरच्या सुरावरून करा. चाल मधल्या सी च्या वरच्या डी पर्यंत, म्हणजे पियानोच्या ट्रेबल स्टाफच्या चौथ्या रेषेपर्यंतच जात असेल तर ए फ्लॅट घ्या. कॉर्नेटला वरचा लिहिलेला सूर एफ येतो, तो आरामाचा. चाल त्याच्याही वरच्या जी ला भिडत असेल तर ए फ्लॅटमध्ये कॉर्नेटला स्टाफच्या वरचा बी फ्लॅट पुन्हा पुन्हा गाठावा लागेल. तिथे एफ मेजर बरी, वरचा सूर जी वर थांबतो.

स्कोअर तयार झाला की एक तपासणी करा. ई फ्लॅट वाद्यांना बी फ्लॅट वाद्यांपेक्षा एक शार्प जास्त किंवा एक फ्लॅट कमी असतो, आणि बास ट्रॉम्बोनला बी फ्लॅट वाद्यांपेक्षा दोन फ्लॅट जास्त किंवा दोन शार्प कमी. म्हणून स्वरवाद्यांच्या ओळींवर पट्टीच्या चिन्हांचे तीनच प्रकार दिसले पाहिजेत. चौथा दिसला तर कुठलं तरी वाद्य चुकीचं निवडलं गेलं आहे. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक हमखास युफोनियमवर होते : यादीतलं पहिलं ‘युफोनियम’ बहुधा बास क्लेफमधलं, खऱ्या सुरातलं असतं, आपल्याला ट्रेबल क्लेफमधलं हवं असतं. दुसरी हमखास चूक म्हणजे लिहिताना ‘कॉन्सर्ट पिच’चं बटण चालू ठेवणं आणि पार्ट छापताना ते बंद करायला विसरणं. मग सगळा बँड एकच पट्टी वाचतो आणि एकाच वेळी तीन पट्ट्या वाजतात.

प्रश्न : आमच्याकडे पूर्ण बँडचा छापील संच आहे, पण वादक १४ : कॉर्नेट ५, फ्लूगल १, टेनर हॉर्न २, बॅरिटोन १, ट्रॉम्बोन २, युफोनियम १, ई फ्लॅट बास १, बी फ्लॅट बास १. कुठले पार्ट वाजवायचे, कुठले सोडायचे?

उत्तर : पूर्ण बँडमध्ये पितळी वाद्यांचे २५ वादक धरलेले असतात : सोप्रानो १, सोलो कॉर्नेट ४, रिपियानो कॉर्नेट १, सेकंड कॉर्नेट २, थर्ड कॉर्नेट २, फ्लूगल १, टेनर हॉर्न ३, बॅरिटोन २, टेनर ट्रॉम्बोन २, बास ट्रॉम्बोन १, युफोनियम २, ई फ्लॅट बास २, बी फ्लॅट बास २. वर तालवाद्यांचे दोन-तीन. तुमच्याकडे प्रत्येक घराण्यातलं कोणी ना कोणी आहे, त्यामुळे परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. मात्र पार्ट नुसते वाटून भागणार नाही. स्कोअर घेऊन बसा आणि प्रत्येक बारमध्ये पाहा की गैरहजर पार्ट तिथे एकटाच काही सांगतो आहे का.

कॉर्नेटचे पाच असे बसवा : दोन सोलो, एक सेकंड, एक थर्ड आणि पाचवा रिपियानोवर. सगळे एकत्र वाजवतात तिथे रिपियानो बहुतेक वेळा सोलो कॉर्नेटच्याच ओळीत असतो, त्यामुळे चालीला तिसरा माणूस मिळतो. सोप्रानो सोडून द्या, पण त्याच्या एकट्याच्या जागा मात्र उतरवून घ्या. सोप्रानोच्या कागदावरचा सूर बी फ्लॅट कॉर्नेटसाठी परफेक्ट फोर्थ (५ सेमीटोन) वर लिहावा लागतो आणि तो बहुधा फार उंच जातो; मग एक सप्तक उतरवा, म्हणजे मूळ लिहिलेल्या सुराच्या परफेक्ट फिफ्थ (७ सेमीटोन) खाली.

खरी अडचण हॉर्नची. तीन हॉर्न मिळून कॉर्ड धरतात आणि तुमच्याकडे दोन. सोलो हॉर्न आणि फर्स्ट हॉर्न वाजवून सेकंड सोडला तर कॉर्डचा थर्ड, म्हणजे मूळ सुरापासूनचा तिसरा सूर, नाहीसा होण्याची भीती असते. फिफ्थ गेला तर कानाला फारसं कळत नाही. थर्ड गेला की मेजर-मायनरच कळत नाही. त्यामुळे प्रत्येक लांब कॉर्डमध्ये थर्ड कोणाकडे आहे ते पाहा. सेकंड हॉर्नकडे असेल तर तो सूर बॅरिटोनला द्या. हॉर्नच्या कागदावरून बॅरिटोनसाठी परफेक्ट फोर्थ वर लिहायचं. बॅरिटोनच्या हाताला काम असेल तर फ्लूगल बघा. तोही अनेक अरेंजमेंटमध्ये हॉर्नच्या गटाचा वरचा आवाज म्हणूनच वापरलेला असतो.

ट्रॉम्बोनवर फर्स्ट आणि सेकंड वाजवा. बास ट्रॉम्बोनची ओळ जोराच्या जागी बासबरोबर चालते, तिथे उणीव जाणवत नाही. पण तीन ट्रॉम्बोन एकटेच कॉर्ड वाजवत असतील अशा बारमध्ये तळाचा सूर युफोनियमला लिहून द्या. दोन बास आहेत ही तुमची श्रीमंती. त्यांतला एखादा गैरहजर राहिला तर उरलेल्या ई फ्लॅट बासवाल्याला बी फ्लॅट बासचा कागद परफेक्ट फोर्थ खाली वाचावा लागेल. हे उभ्या उभ्या जमत नाही, आधी लिहून ठेवा.

आणखी एक मार्ग : चार-पाच आवाजांत लिहिलेल्या ‘फ्लेक्सिबल’ अरेंजमेंट मिळतात. त्यांत प्रत्येक आवाज बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि बास क्लेफ अशा वेगवेगळ्या कागदांवर दिलेला असतो. रंग कमी असतात, पण १४ जणांत भोकं पडत नाहीत.

प्रश्न : आमचा नवा ट्रॉम्बोनवादक आणि बासवादक ऑर्केस्ट्रातून आले आहेत. दोघेही फक्त बास क्लेफ आणि खरा सूर वाचतात. पार्ट नव्याने लिहावे लागतील का?

उत्तर : ट्रॉम्बोनवादकाला टेनर क्लेफ येत असेल तर नाही. बी फ्लॅट ट्रेबल क्लेफचा कागद टेनर क्लेफ समजून वाचायचा आणि पट्टीत दोन फ्लॅट वाढवायचे. कागदावर तिसऱ्या जागेत सी दिसतो. टेनर क्लेफमध्ये ती जागा बी ची, वाढवलेल्या फ्लॅटमुळे तो बी फ्लॅट, आणि तोच खरा सूर. सप्तकही बरोबर येतं.

ई फ्लॅट बासचा कागद असाच बास क्लेफ समजून वाचता येतो, फक्त तीन फ्लॅट वाढवायचे. तिसऱ्या जागेतला सी इथे ई फ्लॅट होतो. म्हणून तुमच्या बासवादकाला बी फ्लॅट बासचा कागद न देता ई फ्लॅट बासचा द्या, वाद्य कुठलंही असो.

दोन्हींत घोटाळा मध्येच आलेल्या चिन्हांचा होतो. कागदावरचं शार्प म्हणजे ‘त्या पट्टीतल्या सुरापेक्षा अर्धा स्वर वर’ एवढंच समजायचं. सी मेजरच्या ट्रॉम्बोन पार्टमध्ये एफ शार्प आला तर खरा सूर ई नॅचरल, कारण नव्या पट्टीत ई हा फ्लॅटच होता. पहिले काही दिवस पेन्सिलीने खरं चिन्ह वर टिपून ठेवायला सांगा.

जाता जाता : ई फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनचा कागद टेनर हॉर्नला जसाच्या तसा चालतो, दोघांचा हिशेब एकच. एफ हॉर्नवाल्याला मात्र टेनर हॉर्नचा कागद एक पूर्ण स्वर खाली वाचावा लागतो.

प्रश्न : कॉर्ड तपासल्या, चुका नाहीत. कॉम्प्युटरवर छान वाजतं. बँडवर मात्र सगळं गढूळ ऐकू येतं. का?

उत्तर : तुम्ही पाठवलेली तीन पानं पाहिली. आवाजांची गर्दी एकाच मजल्यावर झाली आहे. हॉर्न, बॅरिटोन, ट्रॉम्बोन आणि युफोनियम ही सगळी वाद्यं मधल्या सी च्या आसपासच्या एका सप्तकात आरामात वाजतात, आणि नवखा अरेंजर सगळ्यांना तिथेच कॉर्ड धरायला लावतो. पुढे चाल कॉर्नेटच्या खालच्या सप्तकात आली की तीही त्याच गर्दीत हरवते. कॉम्प्युटरवर हे कळत नाही, कारण तिथे प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा सरकवून ठेवलेला असतो. ब्रास बँडमध्ये बहुतेक वाद्यांचा स्वभाव जवळचा आहे, त्यामुळे ऑर्केस्ट्रासारखा नुसत्या रंगाने आवाज वेगळा काढता येत नाही. तो उंचीने आणि रिकाम्या जागेने काढावा लागतो.

पहिली दुरुस्ती तळाला. बी फ्लॅट बास आणि ई फ्लॅट बास यांना सप्तकाच्या अंतरावर किंवा एकाच सुरावर ठेवा. त्यांच्यावर फिफ्थ चालेल. बास क्लेफच्या दुसऱ्या रेषेवरच्या खऱ्या बी फ्लॅटच्या खाली थर्ड मात्र लिहू नका. पान २ वर तुम्ही ई फ्लॅट बासला मूळ सूर आणि सेकंड बॅरिटोनला त्याच्या लगेच वरचा थर्ड दिला आहे. तो थर्ड सप्तकभर वर, हॉर्नकडे न्या. निम्मा गढूळपणा तिथेच जाईल.

दुसरी दुरुस्ती : हॉर्न आणि ट्रॉम्बोन दोघांनी तीच कॉर्ड त्याच लयीत वाजवू नये. ट्रॉम्बोन नळीचा आणि धारदार, हॉर्न मऊ. दोन्ही एकत्र आले की हॉर्न फक्त ट्रॉम्बोनची धार बोथट करतात. चाल हळू आवाजात असेल तेव्हा कॉर्ड हॉर्नला द्या आणि ट्रॉम्बोनला चक्क विश्रांती. ट्रॉम्बोन पुन्हा आले की श्रोत्याला काहीतरी घडल्यासारखं वाटतं. सतत वाजत राहिले तर काहीच घडत नाही.

तिसरी : युफोनियमची प्रतिचाल. चाल चालते तेव्हा युफोनियमनं थांबावं, चाल लांब सुरावर थांबली की युफोनियमनं चालावं. तुमच्या पार्टमध्ये दोन्ही एकाच वेळी धावतात आणि एकाच वेळी थांबतात. सुर तेच ठेवून फक्त दोन बीट पुढे सरकवले तरी फरक कळेल.

प्रश्न : ऑर्केस्ट्राची एक रचना बँडसाठी उतरवतो आहे. व्हायोलिनचं सगळं कॉर्नेटला आणि चेलोचं युफोनियमला देऊन टाकावं का?

उत्तर : चेलो–युफोनियम ही जोडी बहुधा जमते. व्हायोलिन–कॉर्नेट अर्धीच जमते.

उंचीची मर्यादा पहिली. सोलो कॉर्नेटसाठी स्टाफच्या वरच्या दुसऱ्या जोडरेषेवरचा लिहिलेला सी ही व्यवहारातली कमाल समजा. खरा सूर बी फ्लॅट. सोप्रानोला तोच लिहिलेला सी खऱ्या ई फ्लॅटपर्यंत नेतो, पण तिथे एकच माणूस आहे आणि त्याचे ओठही त्याचेच. व्हायोलिन याच्या कितीतरी वर जातं. म्हणून चाल सप्तकभर उतरवावी लागते. उतरवली की ती साथीच्या मजल्यावर येते, आणि मघाच्या उत्तरातला गढूळपणा इथे दारात उभा असतो. चाल उतरवाल तिथे हॉर्नची कॉर्डही पातळ करा किंवा खाली न्या.

एकाच सुरावरचे सोळाव्या भागाचे स्वर व्हायोलिनला धनुष्याच्या एका हालचालीचे आहेत, कॉर्नेटला जिभेचे. हौशी वादक मिनिटाला १२० क्वार्टरच्या लयीपर्यंत एकेरी टंगिंगने ओढतो. त्यापुढे डबल टंगिंग लागतं, आणि ते थर्ड कॉर्नेटवाल्याला येत असेलच असं नाही. बासला तर अशा नोट्स देऊच नका. तिथे आठव्या भागाचे आखूड स्वर ठेवले की लय तीच वाटते. तारांचा ट्रेमोलो कॉर्नेटवर नक्कल करू नका. लांब सूर हळू धरून ठेवा आणि खळबळ साइड ड्रमच्या किंवा झांजेच्या रोलकडे सोपवा.

धनुष्य उलटं फिरतं, श्वास नाही. क्वार्टर ६० असेल तर चार बीटचे चार बार म्हणजे १६ सेकंद. हळू आवाजात कॉर्नेट तेवढं कसंबसं काढेल. बासला जोरात वाजवताना चार-पाच सेकंदांत श्वास लागतो. दोन बास आहेत तर दोघांना वेगवेगळ्या बारमध्ये श्वासाचं चिन्ह घालून द्या. चिन्ह नसलं की दोघेही बाररेषेवरच श्वास घेतात आणि नेमक्या पहिल्या बीटला तळ गायब होतो.

ट्रॉम्बोनचं ग्लिसांडो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मोहात पाडतं. ते स्लाइडच्या एका खेचीत बसलं पाहिजे, म्हणजे जास्तीत जास्त सहा सेमीटोन, तेही एकाच हार्मोनिकवर. लिहिलेल्या तिसऱ्या जागेतल्या सी पासून खाली एफ शार्पपर्यंत होतं. सी पासून खालच्या एफ पर्यंत होत नाही.

प्रश्न : कार्यक्रमाच्या शेवटच्या रचनेत सोलो कॉर्नेटचे वरचे सूर फुटतात. तालमीत तीच रचना नीट वाजते.

उत्तर : तालमीत मध्ये मध्ये थांबता, कार्यक्रमात नाही. ओठांना रक्त फिरायला वेळ हवा. पार्ट उघडून मोजा : सोलो कॉर्नेटला सलग ३२ बार विश्रांतीशिवाय वाजवायचे असतील तर दोष वादकाचा नाही.

सोलो कॉर्नेटवर चौघे असतात, ते याचसाठी. हळू जागी पार्टवर ‘१’ लिहा म्हणजे एकच वाजवेल. मधल्या जोरात ‘२’, आणि ‘टुटी’ (सगळे) फक्त शिखरावर. चाल आठ बार फ्लूगलला, आठ बार युफोनियमला, आठ बार सोलो हॉर्नला फिरवा. शेवटचा उंच सूर येण्याआधी मुख्य कॉर्नेटला चार बार तरी पूर्ण रिकामे ठेवा. त्या चार बारमध्ये चाल ट्रॉम्बोनने घेतली तर श्रोत्यांना ती विश्रांती वाटतही नाही.

प्रश्न : खालचा डी आणि सी शार्प कॉर्नेटवर नेहमी चढलेले लागतात. वाद्य खराब की वादक?

उत्तर : दोन्ही नाही, गणित. दुसरा वाल्व नळीची लांबी सुमारे ५.९ टक्के वाढवतो, पहिला १२.२ आणि तिसरा १८.९. एकेक दाबले तर प्रत्येक बरोबर. तिन्ही एकदम दाबले की वाढ ३७ टक्के होते, पण सहा सेमीटोन उतरायला ४१.४ टक्के हवी. नळी आखूड पडते आणि सूर जवळजवळ अर्धा सेमीटोन चढतो. पहिला आणि तिसरा मिळून हीच तूट लहान प्रमाणात होते. लिहिलेले डी, सी शार्प आणि त्याखालचे जी, एफ शार्प हे चार सूर या जोड्यांवर येतात.

कॉर्नेटवर तिसऱ्या वाल्वची स्लाइड बोटाने बाहेर ढकलून दुरुस्ती होते : सी शार्पला जास्त, डी ला कमी. युफोनियम आणि बासवर बहुधा कॉम्पेन्सेटिंग रचना असते. डेव्हिड ब्लेकलींनी १८७४ मध्ये काढलेली ही युक्ती, वाल्व जोडीने दाबले की हवा जादा नळीतून आपोआप फिरवते. अरेंजरच्या हातात एवढंच : थर्ड कॉर्नेट किंवा सेकंड हॉर्नला या सुरांवर लांब, उघडा कॉर्ड धरायला लावू नये. झटपट निघून जाणाऱ्या सुरात कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : पार्ट घरी छापतो. वादक म्हणतात वाचता येत नाही. चालताना वाजवायचे कार्डही करायचे आहेत.

उत्तर : बसून वाजवायच्या पार्टमध्ये पाच रेषांची उंची ७ मि.मी. ठेवा. सॉफ्टवेअर पानं वाचवायला ती ५–६ वर आणतं आणि एका स्टँडवर दोघे वाचत असतील तर दुसऱ्याला ठिपकेच दिसतात. कागद १०० ग्रॅमचा घ्या. ८० चा पंख्याच्या वाऱ्याने उडतो आणि मागची बाजू पुढे दिसते. पान उलटायची जागा विश्रांतीच्या बारमध्ये आणा, त्यासाठी आधीचं पान अर्धं रिकामं राहिलं तरी चालेल. तालमीच्या खुणा चालीच्या वाक्यागणिक हव्यात, दर दहा बारला यांत्रिकपणे नकोत. रिकामे बार एका आकड्यात गोळा करा, पण खुणेपाशी तोडा : ‘२४’ असं एकच न लिहिता ८, ८, ८. वीसेक बारांच्या शांततेनंतर प्रवेश असेल तर आधीचे दोन बार दुसऱ्या वाद्याची ओळ लहान नोट्समध्ये दाखवा, त्या वादकाच्याच पट्टीत बदलून.

कार्ड आडवं, साधारण १८ × १३ सें.मी., म्हणजे वाद्यावरच्या चिमट्यात बसतं. रेषांची उंची ५.५ मि.मी. चालते, कारण कागद डोळ्याजवळ असतो. आठ ओळी आणि ओळीला दहा बार धरले तर ८० बार मावतात. त्याहून मोठी रचना पुनरावृत्तीच्या चिन्हांत बसवा. मागची बाजू वापरू नका. चालता चालता कार्ड कोणी उलटत नाही.

प्रश्न : म्यूट लावायला किती वेळ द्यावा?

उत्तर : घालायला पाच सेकंद, काढायला तीन. क्वार्टर १२० आणि चार बीटचा बार असेल तर बार दोन सेकंदांचा. म्हणजे तीन बार आणि दोन बार. कोणता म्यूट ते नेमकं लिहा, स्ट्रेट की कप, आणि काढण्याची सूचना विश्रांती सुरू होते तिथेच छापा. पुढच्या प्रवेशावर छापली तर उशीर झालेला असतो. कॉर्नेट आणि ट्रॉम्बोनकडे म्यूट असतातच. हॉर्न, बॅरिटोन आणि बासकडे आहेत का ते विचारल्याशिवाय लिहू नका.

प्रश्न : छापील प्रत विकत घेतली की अरेंजमेंट करायची मोकळीक मिळते का?

उत्तर : नाही. प्रत तुमची, रचना तुमची नाही. हक्क चालू असलेल्या रचनेची अरेंजमेंट करायला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, मग कार्यक्रम फुकट असो वा तिकिटाचा. मुदत देशागणिक वेगळी : कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं, भारतात ६०, युरोपीय संघात ७०. पारंपरिक चाल मोकळी असते, पण तिला कोणी अलीकडे लावलेल्या कॉर्ड मोकळ्या नसतात. चाल घ्या, कॉर्ड स्वतः लावा.

प्रश्न : अभ्यासासाठी कुठले स्कोअर पाहावेत?

उत्तर : फार काळ बँड ऑपेरांतल्या निवडक भागांवरच जगत होते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या राष्ट्रीय बँड स्पर्धेसाठी १९१३ मध्ये पर्सी फ्लेचर यांनी ‘लेबर अँड लव्ह’ लिहिली तेव्हापासून बँडसाठी मुळातून लिहिणं रुळलं. अभ्यासाला मात्र गुस्ताव होल्स्ट यांची १९२८ ची ‘अ मूरसाइड सूट’ आधी घ्या, विशेषतः मधला संथ भाग. एकेक पान उघडून तिथे कोण वाजवत नाही ते लिहून काढा. त्यानंतर एल्गार यांची १९३० ची ‘सेव्हर्न सूट’.

प्रश्न : तालवाद्यांचा पार्ट कसा लिहावा? आमच्याकडे एकच वादक आहे.

उत्तर : एकाच माणसाच्या दोन हातांना जमेल तेवढाच. साइड ड्रम आणि बास ड्रम एकाच स्टाफवर लिहा, साइड ड्रम तिसऱ्या जागेत आणि बास ड्रम पहिल्या. बास ड्रम पायाने वाजणार असेल तर तसं पार्टच्या माथ्यावर नोंदवा. ड्रमवरून ग्लॉकेनस्पीलवर (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) जायला दोन बार द्या, काठ्याही बदलाव्या लागतात. ग्लॉकेनस्पील लिहिलेल्या सुरापेक्षा दोन सप्तकं वर वाजतं, त्यामुळे त्याचा पार्ट स्टाफमध्येच ठेवा. त्याच्यासाठी सूर वर-खाली करून लिहायचे नाहीत, खरीच पट्टी द्यायची. कॉर्नेटच्या ओळीवरून उतरवून घेतला तर एक स्वर चढा लागेल.